खोक्यातला उन्हाळा

२० फेब्रुवारी १९९६
कृषी संशोधन केंद्रातला जुना कॉम्प्युटर गेला. दुपारी करंट आला तो जोरात. जळका वास, पडदा काळा. साहेब नवीनच बदलून आलेत हैदराबादहून. म्हणे, "अच्छा हुआ, नया मँगाएँगे."
अच्छा काय? मागच्या शेतातलं खोकं आता कोणाशी बोलेल? आधीचे साहेब रेड्डी सर, त्यांनी जमिनीत खोल-उथळ तारा पुरून ते बसवलं, त्याला यंदा दहावा उन्हाळा. मातीचा ताव, म्हणजे माती किती तापली ते, मातीची ओल, तासातासाला पोटात साठवून ठेवतं. तिथून वायर माझ्या खोलीत, आणि खोक्याची भाषा फक्त त्या जळक्या कॉम्प्युटरला येत होती.
मागचे नऊ उन्हाळे छापून फायलीत आहेत. यंदाचा आतच राहील, पोट मोठं आहे म्हणा. पावसाळ्यापर्यंत मावेल.

१४ मे
यंदाचं काही समजत नाही. वैशाखात इतकं अवकाळी पाणी मी तरी पाह्यलं नाही. गुडीहत्नूरकडच्या लोकांनी त्या ओलीवर पऱ्हाटी टोबली, कपाशीचं बी घातलं. माझ्या भावानंही. वरून पुन्हा ऊन. बी आतच भाजलं.
भाऊ विचारत होता, "ताई, तुया मशीनले तरी समजलं असन ना, खाली ओल होती का नव्हती?"
समजलं असेल. पण आत आहे.

२७ मे
नवा कॉम्प्युटर आला. सोबत एजन्सीचं सॉफ्टवेअर, रंगीत चित्रं, माउस म्हणतात तो उंदीर. खोक्याचा प्लग मोठा, याचं तोंड लहान. सरांचा जुना प्रोग्राम मोठ्या फ्लॉपीवर, ती यात शिरतच नाही. एजन्सीला फोन. "मैडम, डिब्बा और सॉफ्टवेअर एक ही कंपनी के हैं. चल जाएगा."

२ जून, रविवार
आदिलाबादेत रेड्डी सरांकडे गेले. रिटायर झाल्यापासून मुलाकडे असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून ओळखलं. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी.
"अम्मा, त्याच्याशी हळू बोल. एक अक्षर दे, थांब, मग दुसरं. आताचे कॉम्प्युटर लई घाईत असतात."
दहा उन्हाळे पूर्ण झाले की तक्ता छापायचा, पेरणी कधी करावी ते शेतकऱ्याला एका पानात दिसावं, हे त्यांच्या मनात पहिल्यापासून. तेवढ्यासाठीच डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार म्हणाले. सूनबाई हसल्या. ते नाही हसले.

४ जून
दिवसभर झाळकाम, तारांना डाग देणं. नवा प्लग लावला. पडद्यावर नुसता कचरा, चौकोन न् टिंबं. वेग कमी केला. कचरा. आणखी कमी केला, दोन-चार सेटिंगं उलटीसुलटी केली, आणि एकदम ओळ आली! मग दुसरी. मे महिना! अवकाळीच्या दिवशीचा ताव कसा धपकन उतरला ते मी डोळ्यांनी पाह्यलं. एकटीच टाळ्या वाजवल्या.
शिपाई कुलूप घेऊन उभा. माझी बस. म्हटलं, आकडे असे वेडेवाकडे कशाला उतरवू? उद्या नव्या सॉफ्टवेअरमधून नीट रकान्यांत घेऊ.

५ जून
गेलं.
साहेब मागे उभे होते. सॉफ्टवेअर उघडलं, 'जोडा' असं बटण. मी दाबलं. हिरवा दिवा लागला, साहेब म्हणाले "शाबाश". मग आकडे मागवले तर सगळीकडे शून्य. पुन्हा मागवले. शून्य.
एजन्सीवाला फोनवर: "मैडम, वो पहले मशीन को साफ करता है, फिर सेट करता है. आपने बैकअप नहीं लिया था?"
काल समोर होते. काल फक्त

६ जून
रजा टाकली. हे दुकानातून जेवायला आले. "काऊन रडून राह्यली? कोण गेलं?" कोणी नाही म्हटलं. मग सगळं सांगतलं. ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, "मशीन तर चालू हाय ना?"
हो. तेच तर.

१९ जुलै
एजन्सीचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. स्वतःच छोटा प्रोग्राम लिहिला. एक अक्षर, थांब, दुसरं. खोकं आता नव्या कॉम्प्युटरशी छान बोलतं, एक ओळ चुकत नाही. सगळे कौतुक करून राह्यले. मला त्या खोलीत बसवत नाही.
सरांकडे गेलेच नाही. काय तोंडानं जाऊ?

२३ ऑगस्ट
साहेबांनी बोलावलं. दहा वर्षांचा अहवाल वर पाठवायचा आहे, मधे भोकं चालणार नाहीत.
"पिछले सालों का औसत डाल दो. किसको पता चलेगा?"
मी म्हटलं, सर, यंदाचा उन्हाळा मागच्यांसारखा नव्हताच. सरासरी भरली तर अवकाळीचं पाणी पडलंच नाही असं होईल.
"तो आप बताइए, गलती किसकी लिखें?"
रेड्डी सर खुर्चीवर असते तर असलं बोलणाऱ्याला दारातून हाकललं असतं. सरासरी टाकून अहवाल तयार आहे. सही तेवढी माझी बाकी.

१ सप्टेंबर, रविवार
गेले शेवटी. सरांचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्याचं. काळा चष्मा. मला बघून म्हणाले, "अम्मा, केस पांढरे झाले की तुझे!"
सगळं सांगतलं. बटण, शून्य, सरासरी. मला वाटलं रागावतील. रागवावं असं वाटत होतं.
सूनबाईंनी ठेवलेला चहा निवला. मग हळू आवाजात, "अजून एक उन्हाळा थांबू म्हटलं तर मी कुठं असेन? सरासरी राहू दे, सही करून टाक, अम्मा. मला तक्ता छापलेला बघायचाय."
मी निवलेला कप उचलला, परत ठेवला.
"ऐकून राह्यली ना?"
"हो सर," म्हटलं. ऐकलं, एवढंच म्हणायचं होतं. त्यांना तो होकार वाटला. माझा हात हातात घेतला, सोडेचनात.
उद्या सोमवार. साहेब दहाला येतात, सही मागतील.