चतुर्दशीचा पुरावा

१५ जुलै २०१८, रवि.
मंडळाच्या समितीची बैठक. ११ नोव्हेंबरला पहिलं महायुद्ध संपून शंभर वर्षं होतील. त्या दिवशी बागेत दगड उभा करायचा, संस्थानच्या फौजेतून गेलेल्या आपल्या इंदूरवाल्यांच्या नावांचा. दोन वर्षं घसा फोडून राहिलेय, तेव्हा कुठे हलले. मथळा माझाच पास झाला: 'रणांगणी धारातीर्थी पडलेल्या इंदूरच्या वीरांस'. मुजुमदारसाहेब म्हणाले, ताई, दणदणीत! ते अध्यक्ष. पीडब्ल्यूडीतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी प्रत्येक कागद टेंडरसारखा वाचतात. त्यांनी म्हटलं म्हणून मी उगाच लाजले. एकसष्टाव्या वर्षी.

नावं फार येताहेत. ज्याचा-त्याचा पणजोबा सुभेदार. शेवटी मीच नियम मांडला. एक, कागद पाहिजे. दोन, लढाईत मेलेलाच. ताप-खोकल्याने गेलेले नाहीत, नाहीतर दगड आहे की रेशनची यादी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आपले रामराव पणजोबा? कागद नाही. मी सांगितलं, आमच्याकडे त्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला होतं. ती तिथी शस्त्राने मेलेल्यांची, दुसऱ्या कुणाची नाही. शंभर वर्षं चालू आहे. मुजुमदार म्हणाले, "मग आणखी काय पुरावा पाहिजे?" नाव तिसरं लागलं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. माझा बाप, अठ्ठ्याऐंशीचा माणूस. आजोबांचं नाव दगडावर येणार म्हणून दोनदा उठून पाणी प्यायला.

२२ जुलै, रवि.
देपालपूरहून एक गृहस्थ आले, गोवर्धनजी. साठीचे, शेतीवाले. कुणीतरी पेपरमधली आमची बातमी दाखवली म्हणे. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, असली, शिक्क्याचा. त्यांचे परदादा आपल्याच फौजेत खेचरं हाकायला होते, तिकडे इराकात बसऱ्याला वारले. मी कारणाचा रकाना शोधला. ताप.

"भाईसाब, बीमारी से गए हैं, तो लिस्ट में नहीं आएगा. रूल है."
"गए तो वहीं थे ना, दीदी."
मी रूल परत सांगितला. जरा सावकाश, नववीच्या पोरांना सांगतात तसा. त्यांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, नमस्कार करून गेले.

अप्पा आतून ऐकत होते. "एवढ्या लांबून आला होता," म्हणाले. म्हटलं, मग काय करू, लांबून आला म्हणून नाव कोरू?
मुजुमदारांना फोनवर सांगितलं. "तुम्ही फार कडक हो ताई." छान वाटलं मला.

१९ ऑगस्ट, रवि.
मानपूर. हायवेच्या कडेला दगडवाला. मूर्ती, पाटे, तुळशीवृंदावनं मांडलेली, मागे आपला दगड आडवा. कारागिराला मराठी येत नाही, पण एक मात्रा चुकवली नाही. अकरा नावं. अप्पा हट्टाने आले होते. गाडीत दोनदा उलटी झाल्यासारखं झालं तरी परत फिरू म्हणाले नाहीत.

वाकता येत नाही म्हणून स्टूल दिलं. आजोबांच्या नावावरून बोट फिरवलं, मग धोतराच्या सोग्याने धूळ पुसली. येताना राऊ गावाच्या अलीकडे अप्पा एकदम, "छातीत गोळी होती. पाठीत नाही." हे त्यांचं लहानपणापासूनचं वाक्य. मला पाठ आहे.
आज मात्र मलाही भरून आलं. काय खोटं बोलू.

२१ सप्टेंबर, शुक्र.
नेहाची मेल आली. माझी जुनी विद्यार्थिनी, दिल्लीत असते. मंडळाच्या हॉलमध्ये फोटो लावायला होतील म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. बिचारीने तिकडच्या दफ्तरात अर्ज करून फौजेच्या मृत्यूच्या रजिस्टरचे फोटो पाठवले. चौदा पानं.

पान सहा. नाव रामराव पणजोबांचं, बापाचं नाव तेच, इंदूर. ठिकाण बसरा, इस्पितळ. कारण: डिसेंट्री.
महिना आहे. तारखेवर शाई पसरलीय.

पस्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. रीडिंग तीनदा घ्यायची सवय. तीनदा घेतलं. हगवण. गोळी छातीत नाही, पाठीत नाही, कुठेच नाही.
नेहाला लिहिलं, थँक्यू बेटा, खूप उपयोग झाला.

२७ सप्टें.
अजून सांगितलं नाही. काल जेवताना सांगणारच होते. अप्पांनी वरण मागितलं, वरण वाढलं. झालं.
हे पान मी सोडून कुणी पाहिलेलं नाही. नेहाला काय माहीत पणजोबांचं नाव. आज दुपारी फोटो उघडून डिलीटवर बोट ठेवलं होतं. मग फोन उशीखाली सारून भाजी निवडत बसले. गवार. सगळी शिरांसकट निवडली, परत करावी लागली.
गोवर्धनजींना म्हटलं होतं, रूल है. किती ठसक्यात म्हटलं होतं!

६ ऑक्टो., शनि.
निवडणुकीची आचारसंहिता लागली. मुजुमदारांचा फोन, आवाज पडलेला. उद्घाटनाला मंत्रीजी येणार नाहीत, बागेची परमिशन गेली, दगड मानपूरलाच पडून राहणार. निकालानंतर बघू. अकराला फक्त मंडळाच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम, नावं तुम्ही वाचा.
मला हायसं वाटलं. दोन वर्षं ज्याच्यासाठी लोकांची डोकी खाल्ली ते लांबलं, आणि मला हायसं वाटलं. धन्य आहे बाई माझी.

७ ऑक्टो., रवि. चतुर्दशी.
गुरुजी नऊला. अप्पा दोन तास पाटावर बसले, मध्ये टेकले पण उठले नाहीत. संकल्पात 'शस्त्रहत' आलं तेव्हा मी वडे तळत होते. तळत राहिले.
पान गच्चीवर ठेवलं आणि कावळा लगेच. अप्पा खूश. "बघ सुमे, यंदा वाटच बघत होते."

चार वाजता सांगितलं. फोनवरचा फोटो मोठा करून हातात दिला. त्यांनी चष्मा बदलून स्वतः वाचलं. मी तयार होते, आता ओरडतील, खोटं आहे म्हणतील, समितीत बोलू नकोस म्हणतील. त्यांनी फोन पालथा ठेवला.
मग, "कावळा कुणाचं खाऊन गेला?"
मला कळलंच नाही. म्हटलं, अप्पा?
"आजीला कळलं लढाईत गेले. तिने गोळी धरली. बाबांनी चतुर्दशी धरली, मग मी धरली. शंभर वर्षं दुसऱ्यांच्या दिवशी पान वाढतोय. पोटाने गेलेला माणूस गं. त्याला आम्ही उपाशी ठेवला."
रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. आणि मी पंधरा दिवस कशाची काळजी करत होते, तर दगडाची.

८ ऑक्टो., सोम. सर्वपित्री.
ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचा दिवस. पहाटेपासून अप्पांचं चालू, आज करायचंच. गुरुजींना दहा घरं, ते कुठले येतात. स्वतःच बसले, आठवेल तेवढं म्हटलं. मी कालच्यासारखाच स्वयंपाक काढायला लागले तर आतून आवाज, "वडे नको. मऊ भात कर. ताक. डाळिंब असेल तर दाणे काढ." आजाऱ्याचं पान.

कावळा आला नाही. अप्पा गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. दोन वाजता म्हणाले, गायीला घाल. स्वतः काही जेवले नाहीत, ताक तेवढं घेतलं.

संध्याकाळी म्हणाले, "नाव राहू दे. तो गेला होताच की. मथळा काढायला सांग. आणि त्या देपालपूरवाल्याचं नाव घाला."
म्हटलं, सांगते.

१४ ऑक्टो., रवि.
बैठकीत सगळं सांगितलं. नियम माझा, पुरावा माझा, आणि तो खोटा निघाला. मथळा बदलून 'महायुद्धात गेलेल्या' एवढंच ठेवा, आणि आजाराने गेलेले सगळे घ्या. चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, तरी दोनदा अडले.

कुणी रागावलं नाही. मुजुमदार खुर्ची ओढून जवळ आले. "ताई, कोरलेलं खोडलं की खड्डा पडतो. तुमचं घरचं आहे, घरातच राहू द्या. मिनिट्समध्ये घेत नाही."
"आणि गोवर्धनजी?"
"एक घेतला की वीस येतात. रूल तुमचाच आहे ना?"
मग कुणीतरी समोसे मागवले. खांद्यावर हात काय, अप्पांची चौकशी काय. सगळे इतके चांगले वागले की मला तिथून पळून जावंसं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

५ नोव्हें., सोम.
दिवाळी परवावर. फराळ बाहेरून. अप्पांची ताकद उतरलीय, आंघोळीनंतर अर्धा तास पडून राहतात.
ठरवलंय. वाचताना रामरावांच्या नावापुढे म्हणायचं: बसऱ्याच्या इस्पितळात, हगवणीने. आणि शेवटी म्हणायचं की याशिवाय जे तापाने, कॉलऱ्याने गेले, ज्यांना आम्ही घेतलं नाही, तेही. एवढंच. तीन वाक्यं. माईक माझ्या हातात असणार, कोण अडवतं.

११ नोव्हें., रवि.
हॉलमध्ये चाळीस माणसं. निम्मी गुडघे धरून. अप्पा पहिल्या रांगेत, कोट घालून.
मुजुमदारांनी यादी हातात दिली, वर मथळा, छापील. दोन मिनिटं स्तब्धता, त्यात कुणाचातरी फोन वाजला, वाजत राहिला. मग मी.

मथळा वाचला. अकरा नावं वाचली. तिसरं वाचताना आवाजसुद्धा हलला नाही. शेवटचं वाचून कागदाची घडी केली आणि खाली उतरले. टाळ्या. ती तीन वाक्यं कुठे गेली मला माहीत नाही. समोर सगळे ओळखीचे चेहरे होते, बस. दुसरं कारण नाही. भ्याले मी.

रिक्षात अप्पा एवढंच म्हणाले, "मथळा वाचलास."
हो अप्पा. वाचला.

१८ नोव्हें., रवि.
देपालपूरला जाऊन आले. सकाळची बस. अप्पांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता. "मुजुमदारांचं सोड. ज्याला नाही म्हटलंस त्याला तरी सांगून ये."

गव्हाची पेरणी आटपलेली, पाणी चालू होतं. गोवर्धनजींनी लांबून ओळखलं, हात धुऊन आले, खाट टाकली. "आओ दीदी, बिराजो." मी बसले आणि बसल्या-बसल्या सगळं सांगून टाकलं, माझ्या त्या मराठी हिंदीत. त्यांनी मध्ये तोडलं नाही.
"तो आपके वाले भी बीमारी से ही गए."
"हौ. पेचिश से."
"और नाम है पत्थर पे?"
"है. तीसरा."
मान हलवली. रागाने नाही. गावात कुणी गेल्याचं कळल्यावर हलवतात तशी. "कोई साथ में था उनके? पानी-वानी देने को?"
म्हटलं, पता नहीं. खरंच, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यांच्या मिसेसनी चहा आणला. मी डायरी काढली, ही नाही, छोटी. म्हटलं, समिती मानो न मानो, मी परत मांडते, दगड अजून मानपूरलाच आहे, जागा आहे खाली. "आपके परदादा का नाम बोलिए, मैं लिख लेती हूँ."
त्यांनी कप खाली ठेवला.
"नाम तो उस दिन कागज पे लिखा था, दीदी. आपके हाथ में था."

पेन तसंच धरून बसले. आठवून पाहिलं. कागद आठवतो, शिक्का आठवतो, 'ताप' आठवतो. नाव वाचलंच नव्हतं मी.
कागद द्याल का म्हटलं. "कागज लड़के के पास है, भोपाल में," म्हणाले, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला उठून गेले. मी बराच वेळ थांबले. मिसेसना विचारता आलं असतं. विचारलं नाही, ते त्यांनीच सांगायला हवं असं वाटलं. एकची बस गेली, तीनची धरली.

अप्पांनी दारातच विचारलं, "काय नाव त्यांचं?"
सांगितलं, माहीत नाही.
पुढच्या रविवारी परत जाते. नाही सांगितलं तर त्याच्या पुढच्या. मुजुमदारांना फोन करायचा आहे, पण नावच नाही तर कुणासाठी करू?