जास्तीचे दोन चमचे

१२ सप्टेंबर, रविवार

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील. बाबा अजून अंथरुणावरच आहेत, पण आवाज सुधारलाय. मला शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की हाका सुरू. माझ्या आठवीला सध्या समीकरणं चालू आहेत.

त्यावरूनच लिहितेय. बाबांच्या वेदना शमवणाऱ्या, गुंगीच्या औषधाची बाटली दोनशे मिलीची. पाच मिलीचा चमचा, दिवसातून तीनदा. रोजचे पंधरा. म्हणजे बाटली तेरा दिवस पुरायला हवी. तू आलास त्या दिवशी नवी उघडली, ती आठव्या दिवशीच संपली. आठ गुणिले कंसात पंधरा अधिक क्ष, बरोबर दोनशे. क्ष आला दहा. रोज दोन चमचे कुणीतरी जास्तीचे घेत होतं.

हेच गणित मी वर्गात फळ्यावर घातलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, जास्तीचं औषध कोण घेतं?"

"गणितात ते विचारायचं नसतं," मी म्हणाले. घरी मात्र मी तेच विचारत होते, आणि उत्तर आधीच ठरवून बसले होते.

छोट्या, तू निघालास त्या सकाळी मी तुझी पिशवी आवरत नव्हते. तपासत होते. तुला ते कळलं, हे मलाही कळलं. तुझं गोळ्यांचं व्यसन सुटून चार वर्षं झाली, हे साऱ्या जगाला सांगत फिरणारी मीच. तू चहा अर्धा टाकून निघालास तेव्हा मनात म्हटलं, बघा, कसा सटकला.

तू गेल्यावर नव्या बाटलीवर पेनानं रेघा मारू लागले. सकाळी अकराला एक, संध्याकाळी पाचला एक. आता क्ष नाहीसा व्हायला हवा होता. पण रोजची घट तेवढीच, पंचवीस. दुपारच्या एका चमच्याचे पाच उतरायला हवे, तिथे पंधरा उतरायचे. त्या वेळात घरी फक्त आई आणि बाबा, आणि बाबांना तर उठवत नाही. मग आईवर डोळा ठेवला. वाटलं, कळवळून ती बाबांना जास्त पाजतेय. शुक्रवारी डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी आले.

आई ओट्यापाशी उभी होती. एक हात पोटावर, दुसऱ्या हातातला चमचा स्वतःच्याच तोंडात.

"कधीपासून?"

"झाले दोनेक महिने. हळू बोल, त्यांना ऐकू जाईल. दोघंही आडवे झालो तर तू कुणाकुणाला पुरणार?"

दोन महिने! म्हणजे आधीच्या बाटल्याही अशाच लवकर संपल्या असणार. त्या मी मोजल्याच नव्हत्या. मोजायला लागले ते तू घरात पाऊल ठेवल्यावर.

काल तिला डॉक्टरांकडे नेलं. पोट दाबता दाबता ते बोलायचे थांबले. पुढच्या आठवड्यात बुधवारी तपासण्या आहेत. "साधंच असेल," म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. माझा विश्वास बसला नाही.

परत येताना आईनं विचारलं, "छोटू असा तडकाफडकी का गेला गं?" सांगून टाकलं, खरं ते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये.

बुधवारच्या आत ये. तिच्यासाठी ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

सगळ्यांत आधी तुझ्यावरच संशय घेणारी,
तुझी ताई