झोल

३ मार्च
पाठ गेली! शिलाई मशीनवरून उठताना नवऱ्याला, अज्येमनला हाक मारावी लागली. खांद्यांवर पट्ट्यांचे चर पडलेत, बोट बसेल एवढे. उद्या छाती कमी करायचं विचारायला जाणार. अज्येमन म्हणतो, "देवानं दिलंय ते कापतेस?" त्याचं काय जातंय. ओझं मी वाहते.

४ मार्च
डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढली. एकात नुसता उभा छेद. दुसऱ्यात उभा आणि खाली घडीतून आडवाही — बोटीच्या नांगरासारखा. म्हटलं, मला नांगर. एवढं कापड एका उभ्या टक्सात मावेल? खाली झोल पडणार! या घानातल्या कुमासीत वीस वर्षं बायकांचे काबा, अंगाबरोबर बसणारे ब्लाउज, शिवतेय मी.

डॉक्टर हसले. "बरोबर आहे बाई, आडव्यानं जास्त कातडी निघते. पण तुमचा वण फुगतो." कान टोचल्यावर आलेली बोराएवढी गाठ मीच दाखवली होती. तरी शेवटी उभ्याबरोबर आडवाही ठरला.

११ मार्च
अज्येमन एकटाच डॉक्टरांना भेटून आला. काळजी वाटते म्हणे. बरं वाटलं.

२० मार्च
ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तर आडवा नाहीच! "वणाची भीती होती," डॉक्टर म्हणाले. आणि खालच्या चुण्या? "सहा महिन्यांत बसतील."

२ ऑक्टोबर
कसल्या बसतायत! टेप लावला. फक्त दीड इंच कमी! दीड इंचासाठी एवढं सोसलं. पाठ तशीच, चर तसेच. मूर्ख मी — नव्या मापाचा काळा काबा आधीच शिवून ठेवला होता, इथे शनिवारी मयतं असतात, त्यांना घालायला. बटणं लागेनात.

३ ऑक्टोबर
फुफू खाता खाता अज्येमन म्हणाला, "रडतेस काय अगं? मीच सांगितलं होतं डॉक्टरांना, सगळं काढू नका, थोडं आमच्यासाठी ठेवा." वर हसला!

आणि डॉक्टरांनी ऐकलं. अंग माझं, माप त्याचं. वीस वर्षांत एकाही बाईचं माप मी तिच्या नवऱ्याला विचारून घेतलं नाही. वाटोळं होवो मेल्याचं! कापडातला झोल मला लांबून दिसतो. घरातला दिसला नाही.

९ ऑक्टोबर
दुसरीकडे गेले. ही डॉक्टर बाई आहे. "आडवा घेतला तर वण फुगेल हं," म्हणाली. फुगू दे. फॉर्मवर 'पती' असा रकाना होता. तिथेही आडवी रेघ मारली.