पान्हा कुणासाठी

३ फेब्रुवारी, सुपा

आलो एकदाचे आमच्या घरात! घर म्हणजे कंपन्यांच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या, पण सबंध आमच्या. नळ आत, मोरी आत. सासरी खर्ड्याला आंघोळीला बाहेर जावं लागायचं, पाहुणे असोत की पाऊस. इथं कडी लावली की मी महाराणी. ही डायरी गोरक्षच्या कंपनीतून मिळाली, पानापानावर नटबोल्टांची चित्रं आहेत. नवऱ्याला इथं नावानं लिहायचं ठरवलंय. तोंडावर अजून जीभ वळत नाही.

नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मला आईच नाही. मला जन्म देऊन ती गेली आणि मी शेळीच्या दुधावर वाढले. आत्या अजून चिडवते, ही रडायची नाही, बें बें करायची म्हणून. मी पण हसते, पण आतून लागतं. म्हणून माझा एकच हट्ट आहे, माझं बाळ माझ्याच दुधावर वाढेल. सासूबाई गावाहून येणार आहेत. त्यांचं नाव मनकर्णा, पण कान मात्र कुणाचंच ऐकत नाहीत.

२० फेब्रुवारी

मुलगी झाली! पहाटे, सरकारी दवाखान्यात. बारशापर्यंत तिला बाळीच म्हणणार. आरती सिस्टरनी लगेच माझ्या छातीवर ठेवली. तिनं नुसतं हुंगलं आणि झोपून गेली. काही बाळं पहिल्या दिवशी अशी सुस्त असतात, घाबरू नकोस, म्हणाल्या. पहिला पिवळा चीक थेंब थेंबच येतो, तेवढाच तिला पुरतो, त्यातला एक थेंब वाया घालवू नकोस, असंही बजावलं. मी रडत होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

२१ फेब्रुवारी

घरी आलो. बाळीला घेऊन बसले तर सासूबाईंनी अडवलं. “त्यो चीक नासका हाय, पोरीला जड जाईल. पिळून टाक. पर झाडाच्या बुडाशी वत, कुनाचा पाय पडंल तिथं नगं.” सिस्टरचं सांगून पाहिलं. चार पोरं वाढवली म्हणाल्या, आणि बाळीला मधाचं बोट चाटवलं. मग काय, मी वाटीत पिळला. घट्ट, हळदीसारखा.

इथं झाड कुठलं? पत्र्याचे शेड आणि टेम्पो. टाके ठणकत होते, जिना उतरवेना. मोरीत ओतला.

आमची मोरी एरवी तुंबलेली असते. हे मात्र लगेच गेलं, आणि आतून चुटूचुटू आवाज आला, बाळ चोखतं तसा. हसूच आलं मला.

२३ फेब्रुवारी

छाती दगड झालीय. बाळी तोंड लावते आणि किंचाळून सोडते. दुपारी आशा कार्यकर्त्या स्नेहलताई आल्या. त्यांनी नीट शिकवलं. बाळाचं पोट आपल्या पोटाला हवं, तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी टेकली पाहिजे. बरोबर धरलं की दुखत नाही, हीच खूण. मध बंद करायला लावला, सासूबाई फुगल्या. पहिलटकरणींचं असं होतंच, धीर धर, बाळाच्या रडण्यानं पान्हा फुटेल, ताई म्हणाल्या.

फुटला. पण बाळी तेव्हा सासूबाईंजवळ गाढ झोपली होती. मी मोरीत हात धूत होते, खालून तो चुटूचुटू आवाज आला आणि दोन्हीकडून धारा लागल्या. झंपर भिजला, फरशी भिजली. सगळं मोरीत गेलं.

२५ फेब्रुवारी

काल पाचवी पुजली. सटवाईपुढे एकच मागितलं, माझ्या लेकीला दूध दे.

बाळी रडते तेव्हा मी कोरडी. मोरी वाजते तेव्हा पान्हा. चार वेळा झालं. मला वेड लागलंय का? शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, चीक कुठल्या झाडाखाली ओतलास. मी खरं सांगितलं. त्यांनी बाळीला उचलून उराशी घट्ट धरलं.

“पयला चीक ज्यानं पेला, थोरलं त्येच. धाकटीला उरंल त्ये.”

२६ फेब्रुवारी

डॉक्टरांनी मला तपासलं, बाळीला तपासलं. दोष काही नाही म्हणाले. वजन मात्र घटलंय. पावडरचं दूध वाटी-चमच्यानं दिलं, ते ओकून टाकते. उद्यापर्यंत फरक नाही पडला तर नगरला न्या, म्हणाले.

गोरक्षला सगळं सांगितलं. तो हसला नाही. कामावरून सिमेंट आणलं आणि मोरी बुजवली. जेवला नाही.

आता आवाज नाही. बाळीचाही नाही. तिला रडायची ताकद राहिली नाही.

२७ फेब्रुवारी, सकाळ

सिमेंट फुटलंय. आतून बाहेर.

फरशीवर ओला माग आहे — मोरीपासून माझ्या पलंगापर्यंत —

गोरक्ष गाडी बघायला गेलाय. नगरला जायचं. लवकर ये रे.

थोड्या वेळानं

डोळा लागला होता. जागी झाले तर — पदराखाली — पिते आहे! माझी बाळी पिते आहे! काळा भाग सगळा तोंडात. हनुवटी टेकलेली. जरा दुखत नाही, स्नेहलताई म्हणाल्या तस्सं. एका हातानं लिहितेय. देवा, पान्हा थांबत नाही —

सासूबाई बाहेरून हाका मारताहेत. गॅलरीतून. बाळीला कोवळ्या उन्हात घेऊन बसल्या होत्या, म्हणे —

“निकिता, पोरगी डोळं उघडंना गं —”

बाळी बाहेर आहे.

मग पदराखाली —

उठता येत नाही. सोडत नाही. ओढतंय — जड आहे, गार आहे — सासूबाई रडायला लागल्या —

सोड ना. थोरल्या, ऐक ना माझं — धाकटीला थोडं तरी — एक थेंब —