मोरचुदातलं पाणी

१२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे. खोली बदलली, आता कारखान्यापर्यंत चालत अकरा मिनिटं लागतात. तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं पत्र, आणि त्यात एक गणित व "तपासून परत पाठव" एवढाच मजकूर. कोपऱ्यात आणखी एक ओळ होती: "२१ला मोतीबिंदूचं ऑपरेशन. किरकोळ आहे. येण्याची गरज नाही."

आधी गणित.

शेजारच्या टिकलीला तुम्ही सोळा ग्रॅम मोरचूद गरम पाण्यात विरघळवायला लावलंत आणि त्यात लोखंडाचे खिळे टाकायला सांगितलंत. खिळ्यांवर चढलेलं तांबं तिने खरवडून, धुऊन, वाळवून तोललं. चार ग्रॅम भरलं. तुमच्या हिशेबाने ६.३५ यायला हवं होतं. खाली तुम्ही लाल शाईने लिहिलंय, "हिशेब चोख. पोरगी वेंधळी, तांबं मोरीत घालवलं. बोलल्यावर दोन दिवस फुगून बसली आहे."

तिने काहीही घालवलेलं नाही.

मोरचुदाचा एक मोल तुम्ही १६० ग्रॅमचा धरलात. तो भाजून पांढरं झालेल्या मोरचुदाचा. निळ्या खड्यात मोरचुदाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात, त्यांचे नव्वद ग्रॅम वेगळे. म्हणजे एक मोल २५० ग्रॅमचा, आणि सोळा ग्रॅम म्हणजे ०.०६४ मोल, तुम्ही धरलात तसा ०.१ नाही. खिळे हवे तेवढे होते. मोरचूद आधी संपलं (पाण्याचा निळा रंग गेला, असं टिकलीनेच टिपलंय), म्हणून तांबंही तेवढंच मिळणार: ४.०६ ग्रॅम. तिने चार आणलं, तेही स्वयंपाकाच्या ओट्यावर. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, कागद बघून म्हणाल्या, "हिचं शिक्षण झालं की इकडे पाठव म्हणावं. आपल्याकडची तरबेज मंडळी निम्मा माल गाळणीलाच खाऊ घालतात."

खात्री होती, तरी मी स्वतः करून पाहिलं. सकाळी खिळे घालून ठेवले, संध्याकाळी तोललं. मला ३.९ मिळालं. हे टिकलीला जरूर सांगा.

गणित संपलं. पत्रही इथेच संपवणार होते.

पण ही चूक तुमच्या हातून होण्यातली नाही. ती माझी चूक आहे, दहावीतली. लेबल शेवटपर्यंत वाचलं नाही म्हणून तुम्ही ते गणित मला वीस वेळा लिहायला लावलं होतंत. आई म्हणाली होती, "अहो, पोर आहे ती, छापखाना नाही." तुम्ही म्हणालात, "मोजपट्टी आहे ना आमची? मग शेवटच्या रेघेपर्यंत मोजू दे. पाठ असलं तरी लेबल वाचायचं."

ते पाच पाणी लेबलवर सूत्राच्या शेपटाशी असतं, सगळ्यांत बारीक अक्षरात. तुम्हाला ते दिसलंच नसणार. मी डोळ्यांच्या एका डॉक्टरांना फोन करून विचारलं. मोतीबिंदू फार पिकला की निळा रंग मळकट दिसतो, म्हणाले. बाटलीतला खडा तुम्हाला पांढरट दिसला का? मग तुमचा कागद पुन्हा पाहिला. ओळी उजवीकडे उतरत गेल्यात. एका जागी दोन ओळी एकमेकींवर चढल्यात.

हे किरकोळ नाही, बाबा. तुम्ही लपवलंत.

मीही एक लपवलं. आई गेली त्या दिवशी मी फोन केले, कागद गोळा केले, आलेल्यांना चहा दिला. रडले नाही. सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "आमच्या पोटी दगड जन्मला." पाचव्या दिवशी मी कामावर हजर झाले. त्या दिवशी नेमकं मोरचुदातलं पाणी मोजायचं होतं. खडे तापवायचे, गार करायचे, तोलायचे. वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. तिसऱ्या खेपेला मला तराजूचे आकडे दिसेनात. मोठ्या बाईंनी शेगडी बंद केली, मला स्टुलावर बसवलं आणि दार लोटून घेतलं. बाहेरून कुणीतरी हाक मारली तर म्हणाल्या, "थांबा हो, आत वजन चालू आहे." ते तासभर चाललं.

तुम्हाला हे तेव्हाच कळवायला हवं होतं. रागाने कळवलं नाही.

काल रजा मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, "रजा? तू? अगं, भिंतीवरचं घड्याळ रजेवर गेल्यासारखं वाटेल." मग दहा दिवस दिले. २०ला सकाळी सातच्या गाडीने पोचते. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालावे लागतात. ते मी घालीन. तुम्ही घातलेत तर गालावर पडतील.

त्याआधी टिकलीची समजूत काढा. तुम्हाला ते जमत नाही, मला माहीत आहे. पण तिला दोन वर्षं फुगून बसायला लावू नका. ते आपल्या घरात एकीने केलं, पुरे झालं.

पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय, सात कागद लागले. तरी दिसलं नाही तर टिकलीकडून वाचून घ्या. सगळं. आईबद्दलचंही. तिने ऐकलं तरी चालेल.

स्टँडवर मला न्यायला येऊ नका, गर्दीत मी तुम्हाला दिसणार नाही. आणि आलातच, तर आहात तिथेच उभे राहा. मी शोधते.

तुमची
मोजपट्टी