मक्याच्या चार भरपेट ओळी

९ जानेवारी, शुक्रवार
नौपाड्यातून सकाळीच निघाले. मोहन्याला पोचून भावाला, अशोकला, विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट दाखवला. नायट्रेट मर्यादेबाहेर, तान्ह्या बाळाला घातक. विहिरीला लागूनच त्याचा मका, आणि युरियाला भावाचा हात सैल. घरात सुनेला सातवा. उद्या बाळाचं दूध याच पाण्यात कालवणार. भावजय सुमन म्हणाली, उकळून घेऊ. उकळून नायट्रेट जात नाही. तीनदा सांगितलं.
युरिया पानांचा हिरवेपणा मोजून देऊ, त्याचं मशीन आणते, म्हटलं. शेवटी अशोक म्हणाला, "एक हंगाम देतो, ताई. कणीस बारीक निघालं, तर तुझं मशीन पुन्हा माझ्या बांधावर नको."
कबूल.

१० जाने.
हिरवेपणा मोजायचा सेन्सर जुन्या विद्यार्थिनीकडून मागून आणला. पद्धत सोपी: चार ओळींना भरपेट युरिया, बाकीच्यांचा थांबवायचा. पंधरवड्याने सगळ्यांवरून सेन्सर फिरवायचा. भरपेट ओळी जितक्या जास्त हिरव्या, तितकी बाकीच्यांची गरज. फरक नसेल तर युरिया नाही.
चार ओळींचा युरिया मोजून सुमनच्या घमेल्यात घातला, ओळी दाखवल्या. का, ते सांगत बसले नाही. गाडी गाठायची होती.

२५ जाने., रविवार
दोनदा फिरवला. फरक जवळजवळ शून्य. म्हणजे जमिनीतच पुरेसं आहे. पोती कुलपात ठेवायला लावली.
अशोक: "मशीन आईपेक्षा चिकट निघालं की."
आज बरं वाटलं.

३ फेब्रु., मंगळवार
अशोकचा फोन. "मका पिवळा पडलाय. येऊन बघ." ठेवलाच.
गेले. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेलगत पिवळी. नत्राची भूक, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखेल. पण भरपेट ओळीही तशाच. त्या का? बॅटरी, पाणी, मुळं, सगळं पाहिलं. काही सुचत नाही. दोन एकर माझ्या शब्दावर उपाशी.

४ फेब्रु.
सुमनला विचारलं, घमेलं कुठे रिकामं केलंस?
 म्हणाली, "सगळ्यांना चिमूट चिमूट दिलं, वन्सं. एका पंगतीत चौघांना तूप आणि बाकीच्यांना कोरडं, असं मला नाही वाढता येत."
ओरडणार होते. पण सेन्सर खोटं बोललाच नव्हता. सगळे सारखे म्हणाला. सारखेच उपाशी होते. पोट भरलंय हे माझं वाचन. तीस वर्षं शिकवलं, आणि हिला दोन वाक्यं सांगायला वेळ नव्हता.
अशोकला म्हटलं, चूक माझी. तो कुलपाची किल्ली शोधायला उठला. 

६ फेब्रु., शुक्रवार
बांधावर बसून लिहितेय. तुरे डोकावू लागलेत, युरिया द्यायचा तर आजच. अशोकने सगळी पोती आणून टाकलीत. सगळी दिली तर कणीस कदाचित सावरेल. मक्याला न लागलेलं विहिरीत. ताडून बघायला भरपेट ओळच नाही, सेन्सर काय सांगणार.
अर्ध्यावर थांब म्हटलं. कशावरून, म्हणाला. अंदाजाने.
"अंदाज तर माझाही आहे, ताई. चाळीस वर्षांचा."

वरच्या ओळी झाल्या. सुमन घमेलं घेऊन विहिरीलगतच्या ओळींपाशी उभी. अशोक म्हणतोय, टाक. ती टाकत नाही. माझ्याकडे बघतेय. किती, ते मी सांगायचं आणि मला ते ठाऊक नाही.