वामेचं बेट आणि वजनदार मास्तर

सँडी ग्राउंड, अँग्विला

ती. इडालियाताईस, धाकट्या एल्काना मास्तराचा वाकून नमस्कार (वाकता येत नाही, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच). तिकडे इंग्लंडात तुझे गुडघे बरे असतील आणि जीभ थोडी मवाळ झाली असेल, अशी आशा आहे.

एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की समुद्रातून आपलं बेट वाम माशासारखं लांबुळकं दिसतं, म्हणून कुणा दर्यावर्द्याने त्याला वामेचं नाव दिलं, अँग्विला. (आधीचे लोक त्याला मालिओहाना म्हणत, हे मी घंटा वाजता वाजता उरकत असे.) पहिल्याच वर्षी तू विचारलं होतंस, "अरे, तू कधी समुद्रात जाऊन पाहिलंयस का?" पाहिलं नव्हतं, मला बोट लागते. आता शाळेच्या नव्या पुस्तकात नावाचा धडा मीच लिहायचा ठरला, शुक्रवारी तो छापायला जायचा, आणि तुझा प्रश्न घशात काट्यासारखा अडकला.

म्हणून ऑगस्टच्या शर्यतीत क्लीव्हन कार्टीच्या होडीत जागा मागितली. त्याने मला गळ्यापासून पोटापर्यंत न्याहाळलं. "या ना मास्तर, तुमच्यासारखाच माणूस हवा होता!" इतिहासाची कदर पाहून मी फुशारलो. जाताना होडी दाबून धरायला वजनदार माणसं घेतात आणि परतताना वारा पाठीशी आला की त्यांना पाण्यात उतरवतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो, पण ते इतरांच्या वजनाबद्दल आहे असं मला वाटायचं. वही उघडून वामेची वाट पाहत बसलो. दिसली एक चपटी रेघ, तळूनही न फुगलेल्या जॉनीकेकच्या पुरीसारखी. ना डोकं, ना शेपूट. तेवढ्यात होडी वळली. क्लीव्हन म्हणाला, "मास्तर, वही इकडे द्या, भिजेल." वहीची एवढी काळजी पाहून मी भारावलो, आणि पुढच्या क्षणी पाण्यात होतो. "हातपाय मारा, मागून बोट येतेय!" तो ओरडला. "आणि बेट नीट बघून घ्या!"

होडी पहिली आली. मला मागच्या बोटीने ओढून आणलं (कंबर तेव्हाच धरली), तर किनाऱ्यावर अर्धी शाळा टाळ्या वाजवत उभी. एक चिमुरडी म्हणाली, "सर, वाम दिसली का?" मी म्हटलं, दिसली. ताई, एवढी लाज मला पाण्यात पडतानाही वाटली नव्हती. घरी येऊन आधी लिहून ठेवलेला धडा फाडला आणि नवा लिहिला. मालिओहाना पहिल्या ओळीत घेतलं, वामेचं नाव कुणी दिलं ते नक्की ठाऊक नाही असं लिहिलं, आणि समुद्रातून वाम दिसत नाही, मास्तर एकतीस वर्षं चुकला, हेही.

तुझा,
एल्काना

ता. क. : धड्याखाली 'शंका विचारणारी : इडालिया गम्स' असं छापायला सांगितलंय. बारा वर्षं झाली तू आली नाहीस. ख्रिसमसला ये. विमानात खिडकीची जागा घे, वरून तरी वाम दिसते का बघ. न दिसली तरी ये.

ता. क. पुन्हा : क्लीव्हन विचारत होता, "तुमच्या बहिणीलाही इतिहासाची आवड आहे का?" विचारताना त्याने दोन्ही हात फाकवून दाखवले. मी नाही म्हणालो आहे.